दारातले पाणी

मोटारीच्या काचेभोवती जी काळी मखमली पट्टी असते तिला मराठीत काय म्हणतात, असा प्रश्न मला कोणी तोंडी परीक्षेत विचारला असता तर मी खात्रीने नापास झालो असतो. वीस वर्षे मी मराठी शिकवतो आहे. घराच्या दाराविषयी विचाराल तर उंबरा, चौकट, बिजागरी, कडी, कोयंडा, अडसर, खिट्टी अशी नावांची माळ मी न थांबता म्हणून दाखवीन. पण मोटारीच्या दारापाशी आमचा कोश मुकाट्याने मान खाली घालतो. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींना विचारले.

"ही होय? ही फेल्ट," ते म्हणाले.

"आणि दाराच्या कडेनं फिरलीय ती?"

"ती बिडिंग."

"आणि काच ज्याच्यातनं खालीवर होते ते?"

"च्यानल."

"मराठीत काय म्हणतात याला?"

मिस्त्रींनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. "सर," ते म्हणाले, "मगाधरनं मराठीतच सांगाय लागलोय की!"

मी वही मिटली. त्या दिवशी मी तेथे शब्द गोळा करायला गेलो नव्हतोच. अण्णांच्या गाडीच्या एका दाराला नवी फेल्ट बसवायची होती.

गाडी म्हणजे १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी. ज्या फियाट अकराशेला आपल्याकडे १९६४ पासून डिलाइट म्हणत, तिचेच १९७४ मध्ये हे बारसे झाले. कुर्ल्याच्या कारखान्यात बसलेल्या कोणा रसिकाला चितोडच्या राणीची आठवण झाली असावी. जायसीचे 'पद्मावत' १५४० चे. त्यानंतर सव्वाचारशे वर्षांनी ती राणी एक हजार एकोणनव्वद सीसीचे इंजिन घेऊन रस्त्यावर आली. आमच्या जुन्या शास्त्रकारांनी पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी, हस्तिनी असे स्त्रियांचे चार प्रकार सांगितले आहेत. ते वर्गात शिकवताना हस्तिनीपाशी आलो की मला रस्त्यावरची अँबॅसडर आठवते आणि मी उगाच खोकतो.

अण्णा डॉक्टर होते. करूळ घाट उतरून खाली गेले की वैभववाडीच्या बाजूला जी खेडी लागतात, त्यांपैकी एकात त्यांचा दवाखाना होता. मी आठ वर्षांचा असताना ही गाडी आमच्या अंगणात आली. गाडी घ्यायची तर आधी नंबर लावायचा आणि मग वाट पाहायची, असे ते दिवस होते. रात्री-अपरात्री बोलावणे आले की ती निघे. बाळंतीण अडली, कोणाला पान लागले, की मागच्या सीटवर रोगी आडवा करून अण्णा घाट चढून कोल्हापूर गाठीत. बाई रोगी असली की सोबतीला आई पुढच्या सीटवर, डाव्या बाजूला बसे.

गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून कळायचा नाही. तो वरून पडत नाही, आडवा येतो. गाडीला पाच-सहा वर्षे होतात न होतात तोच डाव्या दाराच्या काचेची पट्टी विटली. यात गाडीचा दोष मी मानीत नाही. उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने रबराला भेगा पडतात, काच वरखाली होऊन होऊन फेल्टची लव झडते, आणि त्यात आमच्या अंगणात गाडीला छप्पर नव्हते. काचेच्या मागच्या उभ्या कडेला, म्हणजे नेमकी जेथे बसणाऱ्याची डावी बाजू येते तेथे, बोटभर फट पडली. घाटात वारा सुटला की पाणी त्या फटीतून पिचकारीसारखे आत येई. आईचा डावा खांदा भिजे. ती मांडीवर एक पंचा घेऊन बसे आणि मधून मधून खांदा टिपी.

"अहो, ही पट्टी बदलून घ्या ना," असे ती एकदा म्हणाली ते मला आठवते.

"पुढच्या पावसाळ्याच्या आत," अण्णा म्हणाले.

तो पुढचा पावसाळा कधी आला नाही. पट्टी बदलायची तर गाडी कोल्हापुरात दोन दिवस ठेवावी लागणार. त्या दोन दिवसांत कोणी बाई अडली तर काय करायचे, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न खरा होता. तरी पंचवीस वर्षांत दोन दिवस मिळाले नाहीत, हे मला आजही पटत नाही.

२०१९ मध्ये अण्णा गेले. आई माझ्याकडे कोल्हापूरला आली आणि तिच्यामागोमाग गाडीही आली. ती आमच्या इमारतीच्या खाली खांबांमध्ये चार वर्षे उभी राहिली. मी महिन्यातून एकदा तिचे इंजिन चालू करी आणि शेजाऱ्यांची क्षमा मागे. २०२३ मध्ये तिची पस्तीस वर्षे भरत होती, म्हणजे नोंदणीचे पुन्हा नूतनीकरण आले. पुण्याहून दादाचा फोन आला. तो हिशेबी माणूस आहे आणि त्याचे हिशेब नेहमी बरोबर येतात, हे त्याचे मला न आवडणारे वैशिष्ट्य. आता फी पाच हजार, वर पर्यावरण कर, तपासणीआधी पत्र्याचे काम, टायर. एवढे करून आपण दोघे ती चालवणार कितीदा? "मोडीत काढू या," तो म्हणाला. (त्याच वर्षीच्या ३० ऑक्टोबरला मुंबईतल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीने रस्ता सोडला, तेव्हा त्याने मला ते कात्रण न चुकता पाठवले.)

फोन मी आईच्या हातात दिला. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मोडायची तर मोडा. पण त्या काचेची पट्टी तेवढी आधी बसवून घ्या."

मोडायच्या गाडीला नवी पट्टी! दादाला वाटले, आईचे वय झाले. मलाही क्षणभर तसेच वाटले. पण तिच्या आवाजात वय नव्हते.

पट्टी कोल्हापुरात मिळाली नाही. मे महिन्यात मुंबईला काम निघाले, तेव्हा ऑपेरा हाऊसच्या बाजूला मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत तेथे गेलो. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकाने गाडीचे नाव ऐकले आणि माळ्यावरून कागदात गुंडाळलेले वेटोळे काढले. "ईपीडीएम आहे," तो म्हणाला, "जुन्या रबरासारखं तडकणार नाही." चारी दारांना पुरून उरेल अशी तीस फूट पट्टी मी घेतली. गाडीत परतताना ते वेटोळे मांडीवर ठेवून बसलो होतो. समोरच्या गृहस्थांनी, "साप आहे का?" असे विचारले.

आता खरे कामाचे सांगतो.

काचेची पट्टी ही बाहेरून चिकटवायची वस्तू आहे असा माझा समज होता. ते तसे नाही. आधी दार उघडावे लागते, म्हणजे आतून. काच फिरवायचा दांडा काढायचा, कडीचा दांडा काढायचा, मग रेक्झिन लावलेला पुठ्ठ्याचा पडदा कडेकडेने उचकटायचा. तो निघाला की दाराचे पोट दिसते. मी त्या दारातून शेकडो वेळा आत-बाहेर केले होते, पण दार आतून पोकळ असते आणि काच खाली जाते म्हणजे त्या पोकळीत जाऊन उभी राहते, हे त्रेचाळिसाव्या वर्षी प्रथम डोळ्यांनी पाहिले.

मिस्त्रींनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. काचेवरून ओघळणारे पाणी कमरेवरच्या फेल्टने पुसले जाते, पण सगळे नाही. नवी कोरी फेल्ट असली तरी थोडे पाणी दाराच्या पोटात उतरतेच, आणि ते उतरणार हे गाडी बनवणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून दाराच्या तळाला बारीक भोके ठेवलेली असतात. आलेले पाणी त्यांतून खाली निघून जाते. "पाणी येनारच की सर," ते म्हणाले. "त्येला जायला वाट पायजे. वाट बुजली की तळ कुजला."

आमच्या दाराचा तळ कुजला होता. मिस्त्रींनी पेचकसाने भोके कोरायला सुरुवात केली, पण पेचकस आत शिरेना. मग त्यांनी पोटात हात घातला आणि एक काळपट, दगडासारखा घट्ट गोळा बाहेर काढला. मग दुसरा. मग चिकटपट्टीचे वेटोळे, मग पुन्हा गोळे. काही गंजाने तांबडे झालेले, काही एकमेकांत थिजून गेलेले. दोन ओंजळी भरतील एवढे निघाले.

"उंदराचं घरटं काय हो हे?" मिस्त्रींच्या हाताखालचे पोरगे म्हणाले.

मी एक गोळा नखाने फोडला. आत पांढरा कापूस होता. दवाखान्यातला.

मला सगळे एकदम समजले आणि मी मोठ्याने हसलो. डॉक्टरच तो! फट म्हणजे जखम, आणि जखमेवर कापूस आणि चिकटपट्टी. घाट चढण्याआधी अण्णा त्या उभ्या कडेत कापसाचे बोळे दाबून भरीत असणार. वरून दिसू नयेत म्हणून आत खोल. एक-दोन फेऱ्या ते टिकत असतील. मग कोणी काच खाली केली की काचेबरोबर तेही खाली उतरत आणि दाराच्या पोटात पडत. पुढच्या पावसात नवे बोळे. आईचा खांदा कोरडा राहावा म्हणून भरलेल्या त्या कापसानेच तळाची भोके बुजवली होती आणि दार आतून खाल्ले होते. ही गंमत आईला सांगायची म्हणून मी ते गोळे वर्तमानपत्रात बांधून घरी आणले.

आई हसली नाही. तिने चष्मा लावला, एक गोळा उचलला आणि बोटांत धरून फिरवला.

"हे माझ्या हातचे बोळे आहेत," ती म्हणाली.

दुपारी दवाखाना बंद झाला की ती कापसाचा मोठा गुंडा घेऊन बसे. तुकडे तोडी, तळहातावर वळी, मोजून डब्यात भरी. ते मीही पाहिलेले होते. मी पाहिलेले नव्हते ते असे, की एका वर्षी पावसाळ्यात बोळे कमी पडू लागले. शंभर ठेवले तर चार दिवसांत संपावेत असा रोग्यांचा सुमार नव्हता. आईला कंपाउंडरचा संशय आला. त्यांच्या घरी बैल होता, बैलाच्या खांद्याला जखम होती. ती त्यांना काही बोलली नाही. तिने फक्त कपाटाला कुलूप घातले, किल्ली कमरेला लावली, आणि रोज सकाळी त्यांच्यासमोर बोळे मोजून द्यायला सुरुवात केली.

"मग?" मी विचारले.

"मग गणपती झाल्यावर त्यांनी काम सोडलं. म्हणाले, शेतीकडे बघायला माणूस नाही. ह्यांना फार लागलं ते. सोन्यासारखा माणूस गेला म्हणून चार दिवस जेवले नाहीत नीट."

"आणि कापूस? तो कमी पडायचा थांबला?"

ती बराच वेळ त्या गोळ्याकडे पाहत राहिली. "नाही ना," ती म्हणाली. "कमी पडायचाच. मग मी मोजायचं सोडून दिलं. कुलूप मात्र काढलं नाही."

बोलणे तेवढ्यावर राहिले. रात्री तिच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळत होता. सकाळी चहा घेताना तिने विचारले, "पट्टी कधी बसते?"

त्या दिवसापासून मी कामाला लागलो. तळाचा कुजलेला पत्रा कापून नवा जोडण्याचे काम अर्थातच माझे नव्हते. पण पट्टी मात्र मीच बसवणार, असे मी मिस्त्रींना सांगितले आणि त्यांनी ते एका सुस्काऱ्यासह मान्य केले.

हे काम दिसते तितके सोपे नाही. जुनी पट्टी निघते तीच तुकड्या-तुकड्यांनी. मग चॅनलच्या पन्हळीतला गंज पॉलिश कागदाने घासायचा, नाहीतर नवी पट्टी त्या खडबडीवर सरळ बसत नाही. लांबी दोऱ्याने मोजायची. मी दोऱ्याच्या मापाने काटेकोर कापली, एक सूतही जास्त नाही. माझ्या नीटनेटकेपणाचे मला कौतुक वाटले. तिसऱ्या दिवशी पाहतो तो कोपऱ्यात पाऊण बोट जागा उघडी! पन्हळीत दाबताना पट्टी नकळत ताणली जाते आणि मागाहून आखडते. "बोटभर जास्त ठेवायची आन् रेटून बसवायची," मिस्त्री म्हणाले, "कापायची घाई करायची न्हाई." तीस फूट का घेतली होती ते मला तेव्हा कळले.

सरकावी म्हणून मी तेलाचे बोट लावणार होतो, तेव्हा त्यांनी माझा हातच धरला. खनिज तेलाने हे रबर फुगते. साबणाचे पाणी वापरायचे. कोपऱ्यापासून सुरुवात करायची, कारण सरळ बाजू कशीही बसते. लव काचेकडे राहील असे पाहायचे. एकदा मी उलटी बसवली आणि अर्ध्या दिवसाचे काम सोडवून पुन्हा केले. सगळे झाल्यावर मिस्त्रींनी मगभर पाणी दाराच्या पोटात ओतले. आम्ही तिघेही खाली वाकून बसलो. तळाच्या तीन भोकांतून तीन बारीक धारा गॅरेजच्या फरशीवर पडल्या. इतका आनंद मला माझी पुस्तिका छापून आली तेव्हाही झाला नव्हता.

काच मात्र हलेना. नव्या फेल्टची लव दाट असते. ती दबेपर्यंत काच जडच फिरते. "म्हैनाभर दोन हातांनी फिरवा," मिस्त्री म्हणाले.

जूनमध्ये गाडी तपासणीत उतरली. आणखी पाच वर्षे. दादाला मी कळवले, तो "ठीक" एवढेच म्हणाला. मग आईने कोणाकोणाला दोन फोन केले आणि मला सांगितले, "येत्या रविवारी खाली जायचं. ते आहेत अजून. ऐंशीच्या पुढे आहेत."

जुलैचा दुसरा रविवार होता. आई डावीकडे बसली. मांडीवर घडी केलेला पंचा होता. मी त्याच्याकडे पाहिले. "असू दे," ती म्हणाली. पायाशी कापडी पिशवी होती, आणि तिच्यात वर्तमानपत्राचे ते पुडके आहे हे मला ठाऊक होते.

बालिंग्याचा पूल ओलांडला तेव्हा नुसते भुरभुरत होते. कळ्याला पाऊस लागला. साळवण मागे पडले आणि गगनबावड्याचा तो आडवा पाऊस सुरू झाला. वायपर थकल्यासारखे हलत होते. मी एक डोळा रस्त्यावर ठेवला आणि एक आईच्या खांद्यावर. ती दर दोन-तीन मिनिटांनी उजवा हात नेऊन डावा खांदा चाचपून बघे, हात डोळ्यांसमोर धरी, आणि पुन्हा मांडीवर ठेवी. हात कोरडाच होता. तरी घाट उतरून होईपर्यंत तिचे ते चाचपणे थांबले नाही. पंचा तिने उलगडला नाही, पण हातातून सोडलाही नाही.

घर रस्त्यालगतच होते. मी हॉर्न वाजवला. पडवीतून छत्री घेऊन एक वाकलेले गृहस्थ बाहेर आले. गाडीकडे पाहून ते जागीच थांबले. आईला काच खाली घेऊन त्यांच्याशी बोलायचे होते. ती दोन्ही हातांनी दांडा फिरवू लागली, पण काच दोन बोटांपलीकडे सरकली नाही. तोवर ते जवळ आले आणि त्यांनी बाहेरून दार उघडले, अगदी पूर्वी उघडीत तसे, एका हाताने छत्री पुढे करून.

त्यांची दृष्टी प्रथम आईच्या खांद्यावर गेली.

"वैनीनू," ते म्हणाले, "आज भिजूक नाय तुमी?"

आई पडवीत बसली. चहा आला. तिने पिशवीतून पुडके काढले, गाठ सोडली आणि ते त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी एक गोळा उचलून दाबून पाहिला.

"दारात सापडले," आई म्हणाली. "मोटारीच्या."

त्यांनी मान डोलावली. "डॉक्टर राती मागीत कापूस, पावसाच्या दिसात. माका वाटला, तुमका म्हायत आसा."

"मला नव्हतं माहीत," आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी कुलूप लावलं होतं."

"होय," ते म्हणाले.

पाऊस पडवीच्या पन्हळीतून धो धो ओतत होता. दोघेही त्याच्याकडे पाहत बसले. मी कप घेऊन उगाच मागच्या दारी गेलो.

निघताना ते पुन्हा गाडीपर्यंत आले. आई आत बसली, मी दार लावले. काच मघाची दोन बोटे उघडी होती आणि पावसाला जोर होता. आई दोन्ही हातांनी दांडा फिरवू लागली, तो फिरेना. मी हात पुढे केला, पण त्याआधीच त्यांनी छत्री मानेत अडकवली, दोन्ही तळहात बाहेरून काचेवर टेकले आणि ती वर रेटू लागले. आतून आई फिरवत होती, बाहेरून ते रेटत होते, आणि काच सूत-सूत वर चढत होती.